पहाटेची गाडी आणि बॅटरी



आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल टॅक्सी, टेम्पो नाहीतर शाळेच्या व्हॅनवर पेटते. पहाटे भाडे ताटकळत उभे असते आणि गाडी नुसती ‘कट-कट’ करते. त्या दिवसाचा धंदा बुडतो आणि नवी बॅटरी घ्यायची तर कित्येक दिवसांची कमाई जाते. थोडी काळजी घेतली, तर हा खर्च बराच लांबवता येतो.

सेल्फ मारताना बॅटरीतून १०० ते २०० अँपिअर, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त करंट ओढला जातो. ५५ वॅटचे दोन हेडलाइट त्याच वेळी आणखी ९ अँपिअर खातात. म्हणून चावी फिरवण्याआधी दिवे, पंखा, एसी, टेप बंद करा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच पूर्ण दाबा. गिअरबॉक्सचे ओझे सेल्फवर पडत नाही. डिझेल गाडीत हीटरची खूण विझेपर्यंत थांबा.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा. गाडी लागली नाही तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा मारा. चावी सारखी धरून ठेवली की बॅटरी उतरते आणि सेल्फची मोटर तापते. तीन-चार वेळा करूनही लागत नसेल, तर डिझेल-पेट्रोल आणि वायरी तपासा. दोष बॅटरीचाच असतो असे नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली की करंट अडतो. इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल घासा, पुसून कोरडे करा. लावताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. वर थोडे व्हॅसलीन चोळा. झाकणांची बॅटरी असेल तर प्लेटा बुडतील इतपत डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचे पाणी नको, घरी अॅसिडही ओतू नका. जवळ विडी-काडी पेटवू नका, कारण बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. अॅसिड अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टर गाठा.

गाडी काही तास उभी असताना मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२ च्या आसपास दिसले तर जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर व त्याचा पट्टा दाखवा. मूळ दोष राहिला तर नवी बॅटरीही उतरेल.

शेवटची गोष्ट घरातील माता-भगिनींसाठी. जुनी बॅटरी अंगणात फोडू देऊ नका. तिच्यातील शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. ती दुकानदाराला परत द्या. नव्या बॅटरीच्या किमतीतून तो काही रक्कम वळती करून देतो. पैसेही वाचतील आणि लेकरेही सुरक्षित राहतील.