थंडीला पुरून उरलेले गुलाब

मिनेसोटातला हौशी माळी ऑक्टोबर सरत आला की आपले गुलाब पुरायला घेतो. झाडाच्या एका बाजूला चर खणायचा, दुसऱ्या बाजूची मुळे सैल करायची, सुतळीने आवळलेले झाड अलगद आडवे करून चरात झोपवायचे, वर माती आणि मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर. एप्रिलमध्ये उकरून पुन्हा उभे करायचे. 'मिनेसोटा टिप' म्हणून ही रीत प्रसिद्ध आहे. मेहनत कौतुकाची खरीच. पण ती करायची वेळ का आली, हे पाहायला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

युरोपातले जुने गुलाब, म्हणजे गॅलिका, अल्बा, दमास्क, थंडीला बऱ्यापैकी सोसणारे होते. त्यातले बहुतेक वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले बागेतले गुलाब युरोपात पोचले आणि पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण त्यांच्याबरोबर आला. त्याच्यामागोमाग नाजूकपणाही आला. 1867 च्या 'ला फ्रान्स'पासून हायब्रिड टी गुलाबांचे युग सुरू झाले असे मानतात. लांब दांडा, टोकदार कळी, हंगामभर फूल. फ्रान्स-इंग्लंडच्या सौम्य हवेत हे सगळे साधले. पण व्यापाराने तोच गुलाब ओटावा, विनिपेग, कॅल्गरीलाही नेला, जिथे पारा उणे 30 आणि कधी उणे 40 पर्यंत उतरतो. कॅल्गरीत तर भर हिवाळ्यात शिनूक नावाचे उबदार वारे सुटतात, काही तासांत बर्फ वितळतो आणि दोन दिवसांनी पुन्हा कडाका. झाडाला निजू देत नाहीत आणि जागूही देत नाहीत.

त्यात भर कलमाची. बाजारातला बहुतेक गुलाब रानटी गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. वरचा भाग गोठून मेला की वसंतात खुंटालाच फुटवे येतात, आणि मालक खत-पाणी घालत राहतो ते जंगली झाडाला.

दुसरा मार्ग होता झाडच बदलण्याचा. तो नफ्यासाठी चालणाऱ्या रोपवाटिकांनी क्वचितच धरला, कारण त्यात वीस-वीस वर्षे जातात. कॅनडात 1886 मध्ये ओटावाला मध्यवर्ती प्रायोगिक शेत निघाले. त्याचे पहिले संचालक विल्यम सॉन्डर्स. त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांच्या मार्क्विस गव्हाने प्रेअरीचे नशीब पालटले, हे शेतीच्या इतिहासात सगळे सांगतात. वडिलांनी रुगोसा आणि पर्शियन यलो यांच्या संकरातून 'अ‍ॅग्नेस' हा फिक्या पिवळ्या फुलांचा काटक गुलाब काढला, हे मात्र बागवाल्यांनाच ठाऊक. तो 1922 मध्ये बाजारात आला.

रुगोसा हे या साऱ्या कथेतले कळीचे झाड. जपान, कोरिया, सैबेरियाच्या समुद्रकाठच्या वाळूत वाढणारे, सुरकुतलेल्या जाड पानांचे, काट्यांनी भरलेले. थंडी सोसते, रोग फारसे घेत नाही आणि हंगामात पुन्हा फुलतेही. अडचण अशी की त्याची गुणसूत्रे 14 आणि बागेतल्या बहुतेक आधुनिक गुलाबांची 28. संकर केला तर संतती बहुधा वांझ. वाट अपघाताने मोकळी झाली. रुगोसा आणि विचुराना यांच्या संकरातला 'मॅक्स ग्राफ' जवळजवळ बीजच धरत नसे. जर्मनीत विल्हेल्म कोर्डेस यांच्याकडे त्याच्या एका रोपात गुणसूत्रे आपोआप दुप्पट झाली. पुढे त्याला 'रोझा कोर्डेसाय' हे नाव मिळाले. मग बागेतल्या गुलाबांशी सोयरीक जुळू लागली.

या धाग्याला ओटावात हात घातला फेलिसिटास स्वेजदा यांनी. व्हिएन्नात शिकलेल्या या बाई 1953 मध्ये कॅनडात आल्या, आणि 1961 पासून त्यांनी गुलाबांचे काम हाती घेतले. थंडीत टिकावा, हंगामभर फुलावा आणि औषध न फवारता जगावा, एवढीच अट होती. रोपे उघड्या शेतात ठेवायची, झाकायची नाहीत. जी मरतील ती मरतील. 1968 मध्ये 'मार्टिन फ्रोबिशर' आला, 1974 मध्ये 'येन्स मुंक', 1976 मध्ये 'हेन्री हडसन'. मग कोर्डेसायच्या रक्ताचे 'जॉन कॅबट' (1978), 'विल्यम बॅफिन' (1983) आणि 'जॉन डेव्हिस' (1986).

नावे सगळी उत्तर अमेरिकेच्या दर्यावर्दी आणि भूशोधकांची. त्यातला विनोद नामकरण करणाऱ्यांच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. येन्स मुंक 1619 च्या हिवाळ्यात आजच्या चर्चिलजवळ अडकला आणि साठ-पासष्ट माणसांपैकी त्याच्यासह तिघेच जिवंत परतले. हेन्री हडसनला 1611 मध्ये त्याच्याच खलाशांनी होडीत घालून उपसागरात सोडून दिले, पुढे त्याचे काय झाले ते कळले नाही. त्यांच्या नावाचे गुलाब त्याच थंडीत पन्नास वर्षे फुलत आहेत.

मॅनिटोबातल्या मॉर्डनच्या सरकारी केंद्राने वेगळा हिशेब केला. हेन्री मार्शल यांनी प्रेअरीवरच्या रानटी 'रोझा आर्कान्साना'चे रक्त आणले. फांद्या बर्फाच्या पातळीपर्यंत मेल्या तर मरू द्या, झाड मुळापासून पुन्हा फुटून त्याच वर्षी फुलले पाहिजे. 1980 चा 'मॉर्डन सेन्टेनियल' या वंशातला. जुन्या फांदीवर फुलणाऱ्या गुलाबाच्या फांद्या मेल्या की त्या वर्षीचे फूल गेलेच. हा फरक विकत घेताना कुणी सांगत नाही. अल्बर्टात कादंबरीकार जॉर्ज बुन्ये यांनी स्वतःच्या वसाहतीत 'तेरेझ बुन्ये' वाढवला (1950), आणि आयोवात ग्रिफिथ बक यांनी विद्यापीठात न झाकता, न फवारता निवड केली. बक यांचा 'केअरफ्री ब्यूटी' हा पुढे जगभर विकल्या गेलेल्या 'नॉक आउट'च्या पूर्वजांत आहे. खासगी कंपन्यांनी कमावले ते या सार्वजनिक चिकाटीच्या जोरावर.

म्हणूनच 2010 च्या सुमारास कॅनडाच्या केंद्र सरकारने गुलाबसंकराच्या कामातून अंग काढून घेतले, तो निर्णय मला काटकसरीचा नव्हे, अदूरदर्शी वाटतो. आता हे काम ओंटारिओतले व्हाइनलँड संशोधन केंद्र रोपवाटिकांच्या साथीने पुढे नेते. 2019 मध्ये आलेला 'शिनूक सनराइज' त्यांचाच. काम बंद पडले नाही, हे नशीब. आपल्याकडे कोडईकनालच्या विरू वीरराघवन यांनी मणिपूरचा रोझा जायगँटिया आणि पाणथळीतला रोझा क्लिनोफायला घेऊन उष्ण हवेचे गुलाब घडवायला घेतले, तेही स्वतःच्या बळावर.

कॅल्गरी, एडमंटन, विनिपेगला स्थिरावलेल्या मराठी वाचकांना एवढेच सांगणे. रोपाच्या पट्टीवरचा 'झोन'चा आकडा कुठल्या नकाशातला ते पाहा. अमेरिकन नकाशा हिवाळ्यातले किमान तापमान तेवढे मोजतो, तर 1967 चा कॅनडाचा नकाशा बर्फ, वारा आणि हिमतुषाराविना जाणारे दिवसही धरतो. ऑगस्टनंतर खत देऊ नका, शेवटची फुले न छाटता त्यांची फळे होऊ द्या, म्हणजे झाड वेळेवर निजते. आणि रोपवाल्याला दोन प्रश्न विचारा: झाड स्वतःच्या मुळावर आहे की डोळा भरलेले, आणि फूल नव्या फुटीवर येते की जुन्या फांदीवर? सरळ उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवा.