चला, बेटाचं भलं करू या!

गेल्या वर्षी मुलीकडे सिडनीला तीन महिने राहून आलो. निवृत्त माणसाला परदेशी तीनच कामं असतात. झाडांना पाणी घालणं, कचऱ्याचा डबा ठरल्या वारी रस्त्यावर नेऊन ठेवणं आणि नातवंडांच्या भानगडीत नाक खुपसणं. पहिली दोन मी निमूटपणे केली. तिसऱ्या कामातून हा लेख निघाला.

नात सतरा वर्षांची. तिच्या मैत्रिणीच्या चर्चमधली मंडळी दहा दिवस टान्ना नावाच्या बेटावर सेवेला निघाली होती. ही पण त्यांच्यात. टान्ना म्हणजे प्रशांत महासागरातल्या वानुआतू देशाचं एक बेट. ऐंशीएक बेटांचा हा देश. टान्नावर धुमसता ज्वालामुखी आहे, आणि आमची मंडळी तिथल्या एका शाळेला रंग देणार होती.

महिनाभर घरात तयारीच तयारी. डासांचं मलम, उन्हाचं मलम, डोक्याला बांधायची बॅटरी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या. शिवाय सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट, त्यांवर छातीवर 'सेवा' आणि पाठीवर बेटाचं चित्र. आमच्या हिनं आपल्या परीनं मेतकुटाची पुडी सरकवली. ज्या मुलीनं जन्मात स्वतःच्या खोलीतली चादर झटकली नाही, ती परक्या देशातली भिंत घासून रंगवणार, या कल्पनेनं माझे डोळे पाणावले.

एका रात्री मी सहज विचारलं, "काय गं, रंग द्यायला बोलावलंय कोणी?"

"म्हणजे काय आबा? दर वर्षी जातात ते."

"आणि दर वर्षी रंगच देतात? तीच भिंत?"

ती गप्प झाली. आजोबांची जात अशी, की नातवंड गप्प झालं की त्यांना चेव येतो. तेव्हा माझं म्हणणं आता सविस्तर मांडतो.

आधीच सांगतो, माझी तक्रार चर्चबद्दल नाही. आमच्या आळीतलं गणपती मंडळ टान्नाला गेलं असतं तरी हेच केलं असतं, वर लाऊडस्पीकर नेला असता. तक्रार आहे ती या तयारीबद्दल. महिनाभर यादी चालली होती, पण यादीतली प्रत्येक वस्तू जाणाऱ्यासाठी. ज्यांच्याकडे जायचं त्यांना काय हवं, हा रकानाच नाही!

बरं, धर्म पोचवायचा म्हणावं तर तो पोचून जमाना झाला. वानुआतूत शंभरातली ऐंशीहून अधिक माणसं ख्रिस्ती आहेत. 1980 साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा पहिले पंतप्रधान झाले ते वॉल्टर लिनी, स्वतः अँग्लिकन धर्मगुरू. उलट ऑस्ट्रेलियात 2021 च्या जनगणनेत ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याहूनही कमी भरले. हिशेबानं मिशन टान्नाहून सिडनीला यायला हवं.

राहता राहिली मदत. मदतीचा एक किस्सा त्या देशाच्या चांगलाच लक्षात असेल. मार्च 2015 मध्ये 'पाम' नावाचं चक्रीवादळ झालं. टान्नाची दैना उडाली. जगाला कळवळा आला आणि कोणी न मागता सत्तरच्या वर कंटेनर पोर्ट व्हिलाच्या बंदरात येऊन थडकले. त्यांत काय होतं? जाड ब्लँकेटं, उंच टाचांचे बूट, मुदत संपलेले डबे. दहा महिन्यांनी अठरा कंटेनर तिथंच पडून होते आणि त्यांचं भाडं वाढत होतं. वादळ एका रात्रीत निघून गेलं. मदत काही हलायला तयार नव्हती.

पाहुणे आपल्यासोबत आणखीही काय काय आणतात. 1861 साली जहाजांतून याच बेटांवर गोवर उतरला आणि माणसं शेकड्यांनी गेली. तेव्हा लस नव्हती, आता आहे. म्हणून मी नातीला म्हटलं, तुझ्या यादीत जुलाबाच्या गोळ्या आहेत त्या तुझ्या पोटासाठी. गोवराची लस आणि सर्दी झाली तर घरी थांबायचा निश्चय, या दोन गोष्टी त्यांच्यासाठी. त्या सगळ्यांत वर लिही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की निदान ही मुलं जातात तरी, तुम्ही खुर्चीत बसून काय करता? प्रश्न रास्त आहे. म्हणून खुर्चीत बसायच्या आधीचं सांगतो. कॉलेजात असताना मीही दहा दिवस श्रमदानाला गेलो होतो. आम्ही चाळीस पोरांनी एक बांध घातला. पहिल्या पावसानं तो नेला. पण त्या दहा दिवसांत गावच्या बायांनी चाळीस जणांच्या भाकऱ्या थापल्या, लांबच्या विहिरीवरून आमच्या अंघोळीचं पाणी आणलं, हाताला फोड आलेल्यांना हळद लावली. समाजसेवा झाली नाही असं कोण म्हणेल? भरपूर झाली. गावानं आमची केली.

बाळंतपणाला मदत म्हणून येणाऱ्या आत्याबाई आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांना कढत पाणी लागतं, कमी तिखटाचं वेगळं लागतं, दुपारी निजायला पंख्याखालची जागा लागते. तिसऱ्या दिवशी बाळंतीण उठून त्यांचा चहा करते.

मग कोणी कुठं जाऊच नये? जावं की! पण वॉनलेस डॉक्टर मिरजेला आले ते दहा दिवसांसाठी नव्हे. 1894 साली त्यांनी तिथं इस्पितळ काढलं आणि 1928 पर्यंत ते चालवलं. वानुआतूतच जॉन गेडी नावाचे मिशनरी 1848 साली अनैत्युम बेटावर उतरले, तिथली भाषा शिकले आणि 1872 पर्यंत राहिले. त्यांच्या धर्मप्रचाराशी तुमचं जमो न जमो, माणूस शेजारी म्हणून राहिला की शेजाऱ्याचं दुखणं त्याला कळतं. दहा दिवसांत फक्त स्वतःचं कळतं.

ज्याला तेवढा वेळ नाही त्यानं दोन गोष्टी कराव्यात. एक, आधी पत्र घालून विचारावं. दोन, रंगच हवा असेल तर पैसे पाठवावेत. टान्नावर ब्रश धरणारे हात आहेत, आणि त्यांना रोजगार मिळाला तर नको नाही. विमानाच्या एकेका तिकिटात भिंतीच काय, छपरंही निघतील. एवढं करून जायचंच असेल तर पाहुणं म्हणून जावं, ताटात पडेल ते खावं आणि शिकून यावं.

हे सगळं ऐकून नात उठली आणि तिनं खरंच त्या शाळेला पत्र लिहिलं. तीन ओळींचं. "आम्ही यावं का? आलो तर काय करू? नाही आलो तर काय पाठवू?" खाली त्यांच्या बिस्लामा भाषेतले आभारही कुठूनतरी शोधून लिहिले. त्या भाषेत 'फार आभारी आहे' याला 'टँक्यू टुमस' म्हणतात. इंग्रजी कानाला ते 'आभार, पण फार झालं' असं ऐकू येतं.

मी परतेपर्यंत उत्तर आलं नव्हतं. बॅग पलंगावर तशीच उघडी होती. मेतकूट तेवढं संपलं होतं.