सेल्फ मारण्याची घाई

(एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला)

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी पुन्हा चालू करायची म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. नवी बॅटरी जोडायची, कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचे आणि सेल्फ मारायचा. धूर निघाला की टाळ्या! माझे स्पष्ट मत असे, की हा जुन्या इंजिनावर केलेला अत्याचार आहे. आणि जो मिस्त्री असे करीत नाही त्याला वेळखाऊ म्हणणारे आपण शिकलेले लोक ज्ञान कशाला म्हणावे हेच विसरलो आहोत.

हे मी ऐकीव लिहीत नाही. माझे वडील मोटार मेकॅनिक, शिक्षण सातवी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गॅरेजात महिंद्राचा एक जुना एफ. सी. पेट्रोल ट्रक ओढून आणला. अकरा वर्षे चिंचेखाली उभा. मालक म्हातारे शेतकरी. याच गाडीतून भाजी बाजाराला नेऊन त्यांनी तीन मुली उजवल्या. मुलगा म्हणत होता, भंगारवाला वजनावर पैसे देतोय, देऊन टाकू. म्हाताऱ्यांनी वडिलांना एवढेच विचारले, "मिस्त्री, एकदा आवाज तरी ऐकवाल का?"

वडिलांनी चार दिवस किल्लीला हात लावला नाही. या गाडीच्या हरिकेन इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि जळका वायू बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. इंजिन फार दिवस उभे राहिले की व्हॉल्व्हची दांडी गंजून अडकते, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात. अशात सेल्फचा जोर लावला तर पुशरॉड वाकतो, नाहीतर रिंग तुटते. म्हणून चारही प्लग काढून आत थोडे थोडे ऑइल सोडायचे, दोन रात्री मुरू द्यायचे आणि मग पुढून हँडल घालून सावकाश फिरवायचे. कुठे अडते ते हाताला कळते, सेल्फला कळत नाही.

टाकी उघडली तेव्हा व्हार्निशसारखा वास आला. पेट्रोल आटून त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसला होता. जेट पितळेचे असतात. त्यांत तार खुपसली की भोक मोठे होते आणि पेट्रोलचे माप कायमचे बिघडते. ते भिजवायचे आणि हवेने फुंकायचे. पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या नव्याच घातल्या, कारण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुने रबर खाते. या ट्रकचे इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या शेजारी झाकणाखाली असते. तिथे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतून सेल्फ मारणे म्हणजे मांडीवर चूल पेटवणे!

आता तर्कशास्त्राकडे वळतो. मिलची व्यतिरेक पद्धती आपण वर्गात शिकतो. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि कार्यात काय फरक पडतो ते पाहायचे. तिच्यावर टीप लिहिली की मार्क मिळतात. वडिलांनी मिलचे नावही ऐकलेले नाही. पण प्लगला ठिणगी येईना तेव्हा त्यांनी कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, सारे एकदम बदलले नाही. आधी कॉइलपर्यंत करंट येतो का ते पाहिले. येत होता. मग डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासले, फिलर गेजने २० थाऊची फट ठेवली आणि पुन्हा पाहिले. निळी ठिणगी. "सगळं एकदम बदललं तर दुखणं कुठं होतं ते कधीच कळत नाही," एवढेच ते म्हणाले. हे वाक्य माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा सोपे आहे, आणि कमी खरे नाही.

पाचव्या दिवशी इंजिनाने पकडले. म्हातारे पंधरा मिनिटे ऐकत उभे राहिले, मग मुलाला म्हणाले, "आता दे कुणाला द्यायचा तो." ट्रक भंगारात गेला नाही. आवाज ऐकून गावातल्याच एका वीटभट्टीवाल्याने आवारातल्या कामासाठी तो घेतला. वजनाच्या भावापेक्षा पैसे बरे आले.

कोणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर ओकतात, त्यांचे ब्रेक धड नसतात. मान्य आहे. चालू झालेले इंजिन म्हणजे रस्त्यावर न्यायची गाडी नव्हे. ब्रेक, फिटनेस, नोंदणी हे वेगळे प्रश्न आहेत. सरकारने २०२१ साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणले, त्यालाही माझा सरसकट विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच, की मोडीत काय काढायचे हे ठरवताना इंजिनाचा आवाज समजणारा माणूस जवळ असावा. अशी माणसे कमी होत चालली आहेत. २०२० साली भारत स्टेज सहाचे नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर गेला. नव्या पोरांनी तो शिकावा कशावर?

आपल्या महाविद्यालयात दरवर्षी बाहेरचे व्याख्याते येतात. तर्कशास्त्र मंडळाने पुढच्या वर्षी एखाद्या मिस्त्रीला बोलवावे, ही माझी प्राध्यापक महाशयांना विनंती आहे. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर आणण्याचे काम माझ्याकडे लागले. फक्त टेबलावर वर्तमानपत्र अंथरावे लागेल, आणि व्याख्याता खुर्चीवर बसून बोलणार नाही.