हुर्यो उडवण्याआधी

3 ऑक्टोबर 2024 ची रात्र. मिल्वॉकीच्या मैदानावर, बाद फेरीतल्या सामन्यात, न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा हंगाम आटोपल्यात जमा होता. नववा, म्हणजे शेवटचा डाव, दोन धावांची पिछाडी, आणि समोर मिल्वॉकीचा डेव्हिन विल्यम्स. हातघाईच्या शेवटच्या डावात सामना संपवण्यासाठी ज्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, आणतात त्याला ‘क्लोजर’ म्हणतात, आणि त्या वेळी विल्यम्सइतका भरवशाचा क्लोजर क्वचितच कुणाकडे होता. त्याचा चेंजअप सुसाट चेंडूसारखा निघतो, फलंदाजापाशी येईपर्यंत मंदावतो आणि खाली बुडत वळतो. फ्रान्सिस्को लिंडोर वॉक मिळवून, म्हणजे चार बाहेरचे चेंडू सोडून, पहिल्या बेसवर पोहोचला, ब्रँडन निमोने फटका मारून त्याला पुढे ढकलले. मग पीट अलोन्सो आला. बाहेरच्या कडेला पडलेला चेंजअप त्याने ढकलल्यासारखा उजवीकडे मारला आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला. तीन धावा. मेट्स 4–2 असे जिंकले.

मेट्सच्या एका अख्ख्या पिढीच्या चाहत्यांसाठी तो फटका देवघरात ठेवावा असा आहे. आणि 2026 च्या हंगामाच्या तोंडावर स्थिती अशी की अलोन्सो बाल्टिमोरला गेला, निमो टेक्सासला गेला, त्या तिघांतला एकटा लिंडोर उरला. ज्याच्या चेंडूवर तो होमरन बसला तो विल्यम्स मात्र आता मेट्सचा क्लोजर आहे.

या हिवाळ्यात मेट्सच्या चाहत्यांच्या मनात काय चालले असेल, हे एवढ्यावरून कळावे. संघाचे प्रमुख डेव्हिड स्टर्न्स यांनी जवळजवळ घर रिकामे करून पुन्हा भरले. पाच वर्षे आणि 15 कोटी 50 लाख डॉलरच्या करारावर अलोन्सो बाल्टिमोरच्या ओरिओल्सकडे गेला. एडविन डियाझ हा जुना क्लोजर डॉजर्सकडे गेला. निमोच्या बदल्यात मार्कस सेमियन आला. त्याशिवाय टोरांटोचा बो बिशेट, सिएटलहून होर्हे पोलांको, शिकागोहून लुईस रॉबर्ट, मिल्वॉकीहून फ्रेडी पेराल्टा, आणि यँकीजकडून, म्हणजे शेजारच्याच वैऱ्याच्या घरून, विल्यम्स आणि ल्यूक वीव्हर. मार्चच्या अखेरीस हंगाम सुरू होईल तेव्हा घरच्या मैदानावरच्या प्रेक्षकांना गणवेशाच्या पाठीवरची निम्मी नावे नव्याने वाचावी लागतील.

आयपीएलवर वाढलेल्या मराठी वाचकाला इथला एक फरक सांगायला हवा. बेसबॉलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. मोठ्या लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू मोकळा होतो आणि कुठे जायचे ते स्वतः ठरवतो. त्यामुळे अलोन्सो गेला तो कुणी हातोडा आपटला म्हणून नाही. मेट्सने 2016 मध्ये निवडून वाढवलेला हा मुलगा. 2019 मध्ये पहिल्याच वर्षी त्याने 53 होमरन मारून नवोदितांचा विक्रम केला, 2024 आणि 2025 या दोन्ही हंगामांत सगळेच्या सगळे 162 सामने खेळला, आणि गेल्या ऑगस्टमध्ये डॅरिल स्ट्रॉबेरीचा 252 होमरनचा संघविक्रम मोडला. अशा माणसाला राखण्यासाठी संघाने पुरेसा जोर लावला नाही, ही चाहत्यांची तक्रार आहे. ती रास्त आहे.

पण त्या तक्रारीची शिक्षा कोणाला, हा खरा प्रश्न आहे.

आधी स्टर्न्स यांची बाजू. गेल्या वर्षी मेट्सकडे पैसा होता, नावे होती, होआन सोतो होता. 15 वर्षांचा 76 कोटी 50 लाख डॉलरचा करार, क्रीडाजगतातला तोवरचा सर्वांत मोठा. सोतो काही कमी पडला नाही. सुरुवातीचे दोन महिने अडखळला, मग जूनमध्ये नॅशनल लीगचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि हंगामाअखेर 43 होमरन, 38 चोरलेले बेस. तरीही संघ 83 विजय आणि 79 पराभवांवर अडला, आणि शेवटच्या दिवशी मायामीकडून हरून बाद फेरीला मुकला.

हे कसे झाले ते बघायचे तर 12 जून 2025 चा सामना बघावा. त्या दिवसाअखेर मेट्सचे 45 विजय, 24 पराभव होते. बेसबॉलमधली सर्वांत चांगली कामगिरी. त्याच सामन्यात कोडाई सेंगा हा त्यांचा भरात असलेला पिचर पहिल्या बेसकडे धावला, अलोन्सोने त्याच्याकडे फेकलेला चेंडू उंच गेला, सेंगाने उडी मारून तो झेलला, फलंदाज बाद झाला, आणि उतरताना सेंगाच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. फ्रँकी मोंटास फेब्रुवारीतच जायबंदी झाला होता, शॉन मनाया जुलैपर्यंत उपलब्ध नव्हता, जूनच्या अखेरीस ग्रिफिन कॅनिंगच्या टाचेची शीर तुटली. हंगामभरात चाळीसहून अधिक पिचर वापरावे लागले. 12 जूननंतर मेट्सचे 38 विजय, 55 पराभव.

त्या एका उंच थ्रोमुळे हंगाम बुडाला असे म्हणणे अलोन्सोवर अन्याय ठरेल. पण धावा वाचवणारा संघ बांधायचा हे स्टर्न्स यांच्या मनाने का घेतले, ते त्या चित्रातून समजते. सेमियन दुसऱ्या बेसवरचा पक्का क्षेत्ररक्षक आहे. रॉबर्ट दुखापतींनी बेजार असतो, गेल्या दोन वर्षांत फक्त 210 सामने खेळला आहे, पण धडधाकट असेल तेव्हा बाह्यक्षेत्राच्या मध्यभागी त्याच्यासारखा धावणारा मेट्सकडे बऱ्याच वर्षांत नव्हता.

आणि पेराल्टा. या हिवाळ्यातला हा सर्वांत शहाणा व्यवहार. गेल्या हंगामात त्याने 17 सामने जिंकले, 204 फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले, आणि दर नऊ डावांमागे सरासरी 2.70 धावा दिल्या. 2026 साठी त्याचा पगार 80 लाख डॉलर आहे, म्हणजे या बाजारात जवळजवळ फुकट. त्याच्यासाठी जेट विल्यम्स आणि ब्रँडन स्प्रोट हे दोन होतकरू तरुण द्यावे लागले, आणि ते दुखतेच. पण इथे एक जुना धागा आहे. डिसेंबर 2015 मध्ये स्टर्न्स मिल्वॉकीचे नवेकोरे प्रमुख होते. ॲडम लिंड या फलंदाजाला सिएटलला देऊन त्यांनी तीन अनोळखी, कोवळे पिचर घेतले. त्यांतला एक पेराल्टा होता. दहा वर्षांपूर्वी ज्याच्यातले कसब ओळखले तोच माणूस त्यांनी पुन्हा मागून घेतला, आणि या वेळी तो तयार होऊन आला आहे. नोलन मॅक्लीन हा गेल्या ऑगस्टमध्ये आलेला तरुण पिचर आणि पेराल्टा, ही जोडी सुरुवातीला असेल तर गेल्या वर्षीसारखी दाणादाण उडणार नाही.

मग स्टर्न्स चुकले कुठे? तर धावा वाचवायच्या म्हणत त्यांनी पहिल्या बेसवर पोलांकोला आणले, ज्याने आजवर बहुतेक कारकीर्द शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा) आणि दुसऱ्या बेसवर काढली. तिसऱ्या बेसवर बिशेटला उभे केले. बिशेट मोठ्या लीगमध्ये तिथे एकदाही खेळलेला नाही. त्याची बॅट वादातीत आहे: गेल्या हंगामात .311 ची सरासरी, आणि वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात दुखऱ्या गुडघ्यानिशी डॉजर्सच्या शोहेई ओहतानीच्या चेंडूवर मारलेला तीन धावांचा होमरन. पण तिसरा बेस ही वेगळी जागा आहे. उजव्या फलंदाजाने जोरात ओढलेला चेंडू तिथे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच येतो. शॉर्टस्टॉपला मिळते तेवढी सवड मिळत नाही, आणि पहिल्या बेसपर्यंतचा थ्रोही लांबचा. दोन टोकांना दोन नवशिके ठेवायचे आणि संघ बचावावर उभारला म्हणायचे, हे जुळत नाही. एप्रिलमध्ये या दोघांच्या हातून चुका होणार. फ्लोरिडातल्या पोर्ट सेंट ल्यूसीच्या सरावशिबिरात सहा आठवडे घोटून घेतले तरी होणार.

आणि तेव्हा घरच्या मैदानावर काय होईल, त्याची चिंता वाटते. मेट्सचा प्रेक्षक प्रेमळ आहे, जिव्हाळ्याचा आहे, आणि नव्या खेळाडूच्या बाबतीत फार उतावीळ आहे. याचे दाखले त्याच्याच इतिहासात आहेत.

कार्लोस बेल्ट्रान 2005 मध्ये सात वर्षांच्या 11 कोटी 90 लाख डॉलरच्या करारावर आला. पहिल्या वर्षी 16 होमरन झाले आणि वर्षभर हुर्यो ऐकावी लागली. 2006 च्या एप्रिलमध्ये त्याने होमरन मारला तेव्हा तेच प्रेक्षक उभे राहून त्याला बाहेर बोलावू लागले. तो बसून राहिला. चाळिशी केव्हाच ओलांडलेल्या हुलिओ फ्रँको या सहकाऱ्याने समजूत घातली तेव्हा कुठे तो बाहेर येऊन टोपी उंचावून गेला. त्या हंगामात त्याचे 41 होमरन झाले. यंदा जानेवारीत त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली.

लिंडोरचेही तेच. 2021 मध्ये दहा वर्षांचा 34 कोटी 10 लाख डॉलरचा करार, .230 ची सरासरी, आणि हुर्यो. त्या ऑगस्टमध्ये तो आणि काही सहकारी आपल्याच प्रेक्षकांकडे अंगठे खाली करून दाखवू लागले, इतकी कटुता आली. पुढे माफी मागावी लागली. तीन वर्षांनी, 30 सप्टेंबर 2024 ला, अटलांटात नवव्या डावात याच लिंडोरच्या होमरनने मेट्सला बाद फेरीत नेले.

ज्याच्या जाण्याने आज हळहळ व्यक्त होते तो डियाझ तरी वेगळा होता का? डिसेंबर 2018 च्या व्यवहारात तो सिएटलहून आला. 2019 मध्ये त्याने 15 होमरन खाल्ले, दर नऊ डावांमागे 5.59 धावा दिल्या, आणि तो मैदानात उतरला की लोक कपाळाला हात लावत. 2022 मध्ये तीच सरासरी 1.31 वर आली, आणि तो धावत येताना वाजणारे ट्रम्पेट ऐकायला लोक मुद्दाम शेवटपर्यंत थांबू लागले.

आता विल्यम्सची पाळी. गेल्या वर्षी यँकीजकडे तो एप्रिलअखेर क्लोजरच्या जागेवरून उतरवला गेला आणि त्याची सरासरी 4.79 राहिली. हे आकडे चाहत्याला पाठ आहेत. त्याच वर्षी त्याने 62 डावांत 90 फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, हा आकडा कमी लोकांच्या तोंडी आहे. ज्याचा चेंडू फलंदाजांना अजूनही सापडत नाही त्याचे कसब संपले असे म्हणता येत नाही. तीन वर्षांच्या 5 कोटी 10 लाख डॉलरचा हा करार जोखमीचा आहे, वेडेपणाचा नाही.

मुंबईकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. 2024 च्या आयपीएलमध्ये रोहित शर्माच्या जागी कर्णधार होऊन आलेल्या हार्दिक पंड्याची वानखेडेवर मुंबई इंडियन्सच्याच समर्थकांनी हुर्यो उडवली. 1 एप्रिलला नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावे लागले. निर्णय घेतला होता व्यवस्थापनाने, ऐकून घेतले खेळाडूने. मुंबई त्या वर्षी तळाला राहिली. टी-20 विश्वचषक जिंकून 4 जुलैला भारतीय संघ वानखेडेवर परतला तेव्हा तेच स्टेडियम हार्दिकच्या नावाने दुमदुमत होते.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना तर मेट्सचे मैदान घरापाशीच आहे. जॅक्सन हाइट्सवरून जाणारी सात नंबरची लोकल मेट्सच्या स्टेडियमपाशी थांबते, आणि तिच्या पुढच्या, शेवटच्या स्थानकावर उतरून फ्लशिंगच्या गणपती मंदिराकडे जाता येते. त्यांतले जे निळी-नारिंगी टोपी घालून जातात त्यांनी यंदा एवढे करावे: अलोन्सोसाठी वाईट जरूर वाटून घ्यावे, पण पोलांकोच्या हातून चेंडू सुटला की ‘अलोन्सो, अलोन्सो’ ओरडू नये. अलोन्सोला जाऊ देण्याचा निर्णय पोलांकोचा नव्हता. बिशेटला तिसऱ्या बेसवर बिशेटने ठेवले नाही. राग कार्यालयावर असेल तर तो कार्यालयापर्यंत पोहोचवावा. पत्रे लिहावीत, फलक धरावेत, तिकीट घेऊ नये. मैदानावरच्या माणसाला निदान मे संपेपर्यंत सांभाळून घ्यावे.

आणि एक मागणी मात्र आत्ताच, हंगाम सुरू होण्याआधी, जोराने करावी. बिशेटच्या तीन वर्षांच्या करारात प्रत्येक हंगामानंतर बाहेर पडण्याची मुभा आहे, आणि पेराल्टाचा करार तर याच हंगामाअखेर संपतो. म्हणजे या दोघांशी ओळख होते न होते तोच ते निघून जाण्याची शक्यता आहे. अलोन्सो, निमो आणि डियाझ एकाच हिवाळ्यात गमावल्यावर चाहत्याला पुन्हा एकदा निरोप द्यायला लावू नये. मालक स्टीव्ह कोहेन यांनी पैशाला कधी ना म्हटलेले नाही. त्यांनी पेराल्टाशी दीर्घ मुदतीचा करार करावा, आणि तो ऑक्टोबरची वाट न पाहता करावा.