धक्का सौम्य, पण घर कसं?

धक्का हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. बंद पडलेल्या एसटीला प्रवासी धक्का मारतात, महाशिवरात्रीला औंढ्याच्या नागनाथाच्या रांगेत धक्काबुक्की होते आणि निवडणूक जवळ आली की कुठल्या ना कुठल्या पक्षाला रोज 'जोरदार धक्का' बसतो. एक नगरसेवक इकडचा तिकडे गेला, एवढीच बातमी असते. हिंगोली जिल्ह्याला मात्र या शब्दाचा एक अर्थ असा ठाऊक आहे, की तो कळताच लेकरं काखेला मारून अंगणात पळावं लागतं.

10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र कळमनुरी तालुक्यातला रामेश्वर तांडा. नांदेड-परभणीतही भांडी वाजली. त्याच वर्षी 21 मार्चला सकाळी सहाच्या सुमारास, दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले होते, 4.5 आणि 3.6 चे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात तर लोक वर्षानुवर्षं जमिनीतून येणारे आवाज ऐकत आहेत. बातमीत ते आवाज 'गूढ' असतात आणि धक्का 'सौम्य'.

'धक्का'सारखीच इंग्रजीतल्या 'थ्रस्ट' या शब्दाभोवतीही अर्थांची गर्दी आहे. रॉकेट वर ढकलणारा जोर म्हणजे थ्रस्ट, तलवार खुपसणं म्हणजे थ्रस्ट, भाषणाचा रोखही थ्रस्टच. सरकारी अहवालांत 'थ्रस्ट एरिया' असतात. ते पुढच्या अहवालातही तिथेच असतात. भूशास्त्रात मात्र त्याचा अर्थ नेमका आहे: दाबाखाली खडक तुटतो आणि एक बाजू दुसरीच्या अंगावर चढते. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, तिकडे हिमालय अडवतो, आणि तो ताण दख्खनपर्यंत पोचतो. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप याच जातीचा होता. त्यामागच्या दाबाला मराठीत 'रेटा' म्हणावं. धक्का आपल्याला जाणवतो. रेटा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू असतो.

'सौम्य' हे विशेषण शास्त्राच्या हिशोबाने चूक नाही. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. किल्लारीचा भूकंप सहाच्या वरचा, म्हणजे आपल्या धक्क्याच्या शेकडो पट. पण हे माप जमिनीचं आहे, घराचं नाही. किल्लारीत सरकारी आकड्यानुसार जवळजवळ आठ हजार माणसं गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली, पहाटे चारला, झोपेत. आणि आपल्याकडे? पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर धोंडे ठेवलेली घरं कोणत्याही तांड्यावर मोजा. मार्च 2024 च्या धक्क्यानंतर ते धोंडे उतरवण्याचं आवाहन प्रशासनाने केलं होतं. माझ्या मते त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी तीच होती, पण मथळा रिश्टरच्या आकड्याला मिळाला.

याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याला, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्राने 2023 मध्ये तिला 2,600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या तिच्या दोन भुजा अब्जावधी प्रकाशवर्षांवर आदळणाऱ्या कृष्णविवरांचा हादरा टिपतील. तेही प्रोटॉनच्या रुंदीहून कितीतरी कमी हालचालीवरून. ती व्हावीच. पण ज्या जिल्ह्यात एवढं सूक्ष्म मोजलं जाणार, तिथे पांगऱ्याच्या माणसाला कालच्या आवाजाचं कारण त्याच्या भाषेत, त्याच्या ग्रामसभेत समजावून सांगायला काय हरकत आहे? घरकुलाचा हप्ता सोडताना जोत्याला आणि दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा घातला का, हे अभियंत्याने पाहायला काय अडचण आहे?

तोवर आपल्या हातातलं काम आपण करू. पत्र्यावरचे धोंडे उतरवा, पण पत्रा मोकळा सोडू नका. खालच्या पाइपाला हूक-बोल्टने आवळून घ्या. शेजारी एकटी म्हातारी राहत असेल, तर आधी तिच्या घरावर चढा.