भोपाळ १९८४ : ‘कामगारांची चूक’ या शब्दांआड काय दडले?

१/७
२ डिसेंबर १९८४, रात्री साडेअकराचा सुमार. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. ‘मिक’ अर्थात मिथाइल आयसोसायनेटची गळती तिथे बहुधा अशीच कळे. चहानंतर पाहू, असे ठरले. मध्यरात्र उलटताच टाकी क्र. ६१० मधून विषारी वायूचे लोट उसळले.

२/७
सुमारे ४० टन वायू, हजारो मृत्यू. त्या चहाकडे बोट दाखवून ‘कामगारांचा हलगर्जीपणा’ म्हणणे सोपे आहे. माझ्या मते ते इतिहासाचे अर्धे वाचन आहे.

३/७
धोका ओळखणे शिकवावे लागते. तोट्यातील या कारखान्यात काटकसरीची कात्री नेमकी तिथे लागली. कामगारांच्या कथनांनुसार, सहा महिन्यांचे प्रशिक्षण पंधरा दिवसांवर आले. मिक विभागात पाळीतील माणसे १२ वरून ६ झाली. कार्यपुस्तिका इंग्रजीत, आणि इंग्रजी जेमतेम समजणारे कामगार अनेक.

४/७
पाणी टाकीत कसे शिरले, हा वाद आजही आहे. कंपनीच्या मते एका नाराज कामगाराने ते मुद्दाम सोडले. दुसरे मत असे की, नळ धुताना पाणी अडवणारी चकती बसवलीच नव्हती. ती बसवून घेणाऱ्या देखभाल पर्यवेक्षकाचे पद त्या पाळीतून नुकतेच रद्द झाले होते.

५/७
आक्षेप रास्त आहे : शीतकरण यंत्रणा जूनपासून बंद होती, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता, तिथे प्रशिक्षण काय करणार? ते यंत्रणेची जागा घेत नाही, हे मान्य. परंतु जाणता कामगार ‘हे बंद असताना मिक साठवू नका’ असे कारणासहित सांगू शकतो. अजाण कामगाराला तो प्रश्नच सुचत नाही.

६/७
ही जाणीव कायद्यात उतरली ती आपत्तीनंतर. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात कलम १११-अ आले : आरोग्य व सुरक्षिततेची माहिती मिळवणे आणि प्रशिक्षण घेणे हा कामगाराचा हक्क ठरला. मालकाची मेहेरबानी नव्हे, हक्क.

७/७
म्हणून यापुढे एखाद्या स्फोटाच्या बातमीत ‘कामगारांची चूक’ असे वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा : त्याला किती दिवस शिकवले? कोणत्या भाषेत? आणि ते दिवस कमी कोणी केले?