कणगी कुणाच्या हातात?

दुष्काळाचा विषय निघाला की परभणीकडच्या म्हाताऱ्या बाया अजूनही बहात्तर सालावर येतात. १९७२ च्या त्या दुष्काळात फोडलेली खडी, कामावर मिळालेली सुकडी, रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी, सगळं सांगतात. आणि शेवटी म्हणतात, "ज्याच्या बळदात जोंधळा होता, त्याचं घर तगलं."

बळद, कणगी, उतरंड हे बायांचं राज्य होतं. धान्याला राख कधी चोळायची, कडुनिंबाचा पाला कधी घालायचा, बियाण्याला कुठलं कणीस राखायचं, हे तीच ठरवायची. अर्थात या राज्याचे गोडवे गायला नकोत. किल्ल्या सासूकडे आणि उरलंसुरलं सुनेच्या ताटात, हेही तिथलंच. पण घरात वर्षाचं धान्य असायचं.

आज शिवारभर सोयाबीन आणि कापूस. सोयाबीनची काही भाकरी होत नाही. माल अडत्याकडे जातो, पैसा पुरुषाच्या खिशात येतो आणि ज्वारी किलोकिलोनं विकत आणावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले, तेव्हा याची किंमत कळली. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत उभी पिकं पाण्यात गेली, तेव्हा पुन्हा कळली. अशा वेळी घरात सगळ्यात आधी कुणाची भाकरी कमी होते, हे आपल्याला सांगायला नको.

यावर उपाय म्हणून बायांना परसबाग करायला सांगतात. परसबाग चांगलीच. न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवगा, दोडका, चुका, अंबाडी सहज येते. वाळवून ठेवली तर उन्हाळ्यात कामी येते. पण उन्हाळ्यात न्हाणीलाच पाणी नसतं, तेव्हा हंडा कुणाच्या डोक्यावर? संकटाची तयारी म्हणजे बाईच्या कामात आणखी एका कामाची भर, असं होणार असेल तर ते आपल्याला मान्य नाही.

खरा प्रश्न जमिनीचा आणि निर्णयाचा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली वडीलधारी बाई कुटुंबप्रमुख झाली. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव शोधावं लागतं. कार्डावर प्रमुख आणि शेतात मजूर, हे कसं?

म्हणून मागणी साधी आहे. कोरडवाहू शेतातला निदान अर्धा एकर घरच्या खाण्यासाठी राखावा: ज्वारी, तूर, मूग. त्यात काय पेरायचं, किती विकायचं, हे बाईनं ठरवावं. सातबाऱ्यावर तिचं नाव लागावं. परसबागेचं पाणी घरातल्या पुरुषांनीही भरावं.

आणि ज्या टाकलेल्या, एकट्या, भूमिहीन आहेत त्यांचं काय? गावातल्या बायांनी सुगीत प्रत्येकी एक पायली एकत्र ठेवली, तर आषाढात नड असलेलीला सावकाराच्या दारात जावं लागणार नाही. पुढच्या सुगीला तिनं तेवढंच परत करावं, व्याज नाही.

तुमच्या गावात हे जमेल का? अडचण कुठे येईल? बायांच्या बैठकीत बोला आणि आम्हाला जरूर कळवा.